भाजीच्या कप्प्यातला कुंभकर्ण

झरी जामणी तालुक्यात थंडी विकत मिळत नाही. कापूस मिळतो, तूर मिळते, मुकुटबनला सिमेंटची पोती मिळतात. पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेलं तर आणखीही बरंच काही मिळतं, जे मास्तरने लिहू नये. थंडी मात्र कुठल्याच दुकानात नाही आणि मला नेमकी तीच हवी होती. सलग तीन महिने, पाच अंशांच्या आसपास, आणि फार नको, वाटीभर.

वाटीभर अशासाठी, की ज्याला ती द्यायची होती ते झाडच मुळी चहाच्या बशीत मावणारं होतं. व्हीनस फ्लायट्रॅप असं त्याचं नाव. घरात आणि गल्लीत ते दोनच दिवसांत ‘माशीखाऊ’ झालं. श्रावणात माश्यांनी उच्छाद मांडला होता, तेव्हा मी ते साडेसहाशे रुपयांना मागवलं. सौभाग्यवतींचं म्हणणं, की दहा रुपयांत प्लास्टिकचा माशीमार येतो आणि त्याला पाणी घालावं लागत नाही. हिशेब बिनतोड होता. पण आमच्या शाळेच्या पुस्तकात कीटकभक्षी वनस्पतींचं चित्र आहे, आणि गेली वीस वर्षं मी त्या चित्राकडे बोट दाखवून शिकवत आलो आहे. एकदा तरी पोरांना खरं झाड दाखवावं, असा उदात्त हेतू त्यात होता. साडेसहाशे रुपये खर्च झाल्यावर माणसाला उदात्त हेतू लवकर सापडतो.

झाड होतं मात्र बघण्यासारखं. पानाच्या टोकाला शिंपल्यासारखा उघडा जबडा, कडेला दात, आणि आत प्रत्येक बाजूला तीन-तीन बारीक केस. एका केसाला एकदा धक्का लागला तर झाड ढिम्म. वीसेक सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तरच जबडा मिटतो, पण मिटतो तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. आणि मिटला म्हणजे जेवण सुरू झालं असंही नाही. आतली वस्तू वळवळत राहिली, केसांना पुन्हा पुन्हा धक्के बसत राहिले, तरच पाचकरस सुटतो. नाहीतर झाड समजतं की हा वाळका पाला आहे, आणि दुसऱ्या दिवशी निमूट दार उघडतं.

हे सगळं मी शेजारच्या काकाजींना समजावून सांगितलं. काकाजी कपाशीचे शेतकरी, वय सत्तरीचं, बोलणं मोजकं. म्हणाले, “म्हंजे एक अर्ज देल्ला तं दखल नाई. दुसरा देल्ला तं नोंद. मांगं लागून रायलं तरच काम. हे झाड नोहे मास्तर, हे हापिस होय.”

आईचा आक्षेप वेगळा होता. आई माळकरी. तिच्या मते झाडं मांस खात नसतात, आणि खात असतील तर ती झाडं नसतात. तिला एकटीलाच हसण्यात अर्थ नाही. अठराव्या शतकात जॉन एलिस नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने या झाडाचं वर्णन स्वीडनच्या लिनीअसला कळवलं. अवघ्या सृष्टीला नावं देणारा हा थोर माणूस, पण झाडाने जनावर खावं हे त्याच्याही पचनी पडलं नाही. पुढे शंभरेक वर्षांनी, १८७५ साली, डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे जगाची खात्री पटली. आई डार्विनपर्यंत आलेली नाही. ती लिनीअसपाशी थांबली आहे, आणि आमच्या घरात तेवढं पुरतं.

झाडाचं लॅटिन आडनाव ‘मस्किप्युला’, म्हणजे उंदराचा सापळा. आमच्याकडे उंदीरही आहेत. त्यामुळे नाव वाचून घरात दोन दिवस आशेचं वातावरण होतं.

पहिली अडचण पाण्याची आली. हे झाड मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या दलदलीतलं, विल्मिंग्टन नावाच्या गावाभोवतीच्या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यातलं. तिथली माती इतकी भिकार, की पोट भरायला झाडाला किडे पकडावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्यात काढलेल्या घराण्यासारखं त्याचं झालं आहे, सकस काही पोटात गेलं की बाधतं. क्षार चालत नाहीत, खत चालत नाही, चुना तर अजिबात नाही. आणि मी त्याला आणलं कुठे? ज्या तालुक्याच्या पोटात चुनखडी आहे म्हणून मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला, त्या तालुक्यात. आमच्या बोअरच्या पाण्यात चार महिन्यांत बादलीला पांढरी पुटं चढतात. त्या पाण्यावर हे झाड म्हणजे मधुमेहाच्या माणसाला हलवायाकडे नोकरी.

मग पन्हाळीखाली घागरी लागल्या. पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून, कॅनवर ‘हात लावू नये’ असं लिहून मी ते देवघराशेजारी रचलं. आई म्हणाली, “विठ्ठलाले बोअरचं चालते, अन्‌ याले आभायातलं लागते.” काकाजींनी मायेने मूठभर युरिया आणून दिला. तो मी परत केला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आहेर परत करताना लग्नघरी पाहिलं आहे.

गावाला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. तो आठवड्याभरात सतरा जणांनी विचारला. “मास्तर, हे बोंडअळी खाते काय?”

प्रश्नात चेष्टा नव्हती. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळसकट विदर्भाच्या कपाशीचं जे केलं, ते विसरलेला माणूस या तालुक्यात सापडणार नाही. बोंड वरून धडधाकट, फोडावं तर आत गुलाबी पाहुणी आणि सडकी सरकी. ज्या बीटी वाणाच्या भरवशावर लोक होते त्यातली दोन्ही विषं ती पचवून बसली होती. तेव्हा अळी खाणारं झाड निघालं आहे, असं कळल्यावर माणूस विचारणारच. मी फळ्यावर हिशेब मांडला. माझ्या झाडाला सहा जबडे. एक शिकार पचवायला आठवडा ते दहा दिवस. एक जबडा आयुष्यात तीन-चार शिकारी करतो आणि काळा पडून गळतो. एका एकरात कपाशीची सात हजारांच्या आसपास झाडं, आणि एक मादी पतंग शंभराहून जास्त अंडी घालणार. हिशेब अर्धवट असतानाच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, अळीच झाड खाऊन टाकीन.” मी डस्टर उचलला.

असो. तर दसरा झाला आणि माशीखाऊची पानं काळी पडायला लागली. नवी येत होती ती आखूड, मरगळलेली. जबड्यांना काडी लावली तर मिटताना ते असे कुरकुरत मिटायचे, जसा मी सोमवारी शाळेत जातो. मला वाटलं गेलं झाड. मग वाचन केलं, आणि कळलं ते मरण्याहून अवघड होतं. त्याला झोप येत होती.

थंड मुलखातल्या या मंडळींची ही रीतच आहे. दिवस लहान झाले, गारवा आला, की ती दुकान आवरतात. विल्मिंग्टनला जानेवारीच्या रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो. फ्लायट्रॅप वरची पानं सोडून देतं आणि जमिनीतल्या पांढऱ्या कांद्यात गुडूप होतं. युरोपातल्या दलदलींमधलं दवबिंदूचं झाड स्वतःला गुंडाळून एक घट्ट कळी करून घेतं आणि बर्फाखाली पडून राहतं. तळ्यातली तिकडची काही कीटकभक्षी पाणवनस्पती तर शेंड्याची गाठोडी बांधून थेट तळाशी बुडी मारते आणि वसंतात वर येते. तीन-चार महिने खाणं नाही, वाढ नाही, पकडापकडी नाही. ही झोप मिळाली नाही तर झाड लगेच मरत नाही. वर्ष-दोन वर्षं खंगत खंगत मरतं. हे वाचून सौभाग्यवती म्हणाल्या, “माझंही तेच चाललंय, पण माझ्यासाठी कोणी पुस्तक वाचत नाही.”

आता झरी जामणीत थंडी पडत नाही असं नाही. पडते. शेकोट्या पेटतात, कानटोप्या निघतात, सकाळी तोंडातून वाफ निघाली की पोरं बिडी ओढल्याची नक्कल करतात. पण आमच्या थंडीचा स्वभाव पाहुण्यासारखा. रात्री अकरा-बारा अंशांवर मुक्काम, आणि सकाळी नऊ वाजता उन्हात पाय पसरून बसणार. दुपारी पुन्हा अठ्ठावीस-एकोणतीस. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. तसा एक दिवस माझ्या काय कामाचा? मला नव्वद हवे होते, तेही ओळीने. शिवाय दिवस लहान होण्यातही आपण कंजूष. विल्मिंग्टन चौतिसाव्या अक्षांशावर, तिथे डिसेंबरचा दिवस दहा तासांच्याही आत आटोपतो. आम्ही विसाव्याच्या आसपास, आमचा सगळ्यात छोटा दिवसही अकरा तासांचा. झाड बिचारं बघत असेल की झोपायची वेळ झाली म्हणतात, आणि हे लोक दिवा मालवत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे हिवाळ्यात झोपतं कोण? आमचं सगळं हिवाळ्यातच जागं होतं. कापसाची वेचणी दिवाळीपासून. तुरीच्या शेंगा भरतात, सोल्यांची भाजी रोज ताटात, हरभरा घाटे धरतो. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागायला सुरुवात. मग जत्रा, दंडार, शाळेचं स्नेहसंमेलन, शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी. आमच्या विदर्भात तर सरकारसुद्धा हिवाळ्यात जागं होतं. १९५३ च्या नागपूर कराराने ठरलं म्हणून मुंबईचं अख्खं बिऱ्हाड डिसेंबरात नागपूरला येतं, आणि संत्री खाऊन परत जातं. अशा दिवसांत या तालुक्यात येऊन कोणी म्हणेल, की मला आता फेब्रुवारीपर्यंत उठवू नका, तर त्याला दवाखान्यात नेतील.

झोपायचा मोसम आमचा दुसरा आहे, आणि तो आम्ही मनापासून पाळतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार या तालुक्यात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. दारं बंद, पडदे ओले, कूलर चालू, आणि कूलरच्या तोंडासमोर घरातलं सगळ्यात ज्येष्ठ माणूस. आमची जंगलंही तशीच वागतात. टिपेश्वरच्या अभयारण्यात साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकून उघडा होतो आणि मिरग येईपर्यंत डोळा उघडत नाही. तिथले मांसाहारी मात्र बारमाही जागे असतात, त्यांना पट्टे आहेत. इतकंच काय, महाराष्ट्राची स्वतःची कीटकभक्षी झाडंही आमच्याच पंथाची. कासच्या पठारावर दवबिंदू आहे, सीतेची आसवं आहेत. सीतेची आसवं म्हणजे निळी-जांभळी नाजूक फुलं, वर अश्रू आणि खाली चिखलात बारीक किडे शोषणाऱ्या पिशव्या. ती पावसात उगवतात, भाद्रपदात मिरवतात, आणि पाणी आटलं की झाड संपून बी मातीत पडून राहतं. उन्हाळाभर झोप. पहिला पाऊस हा गजर. थंडीबिंडी काही लागत नाही. सीतेच्या नावाचं काही दाराशी आणायचं असतं तर आमच्याच जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं देऊळ आहे, तिथे जाऊन आलो असतो. पण मला कॅरोलायनाची हौस.

थंडी निर्माण करण्याचे माझे प्रयत्न मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. आधी गच्चीवर ओलं पोतं गुंडाळलं. माकडांनी पोतं नेलं. मग माठात कुंडी ठेवली. माठ फुटला, आणि त्यानंतर घरात जे फुटलं ते इथे लिहीत नाही. शेवटी पुस्तकी उपाय करायचं ठरलं. उष्ण मुलखातले शौकीन लोक झाड कुंडीतून काढतात, मुळं धुतात, काळी पानं कापतात, कांद्याला बुरशीनाशक लावतात, ओल्या शेवाळात गुंडाळून पिशवीत घालतात, आणि फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात तीन महिने ठेवून देतात. बुरशीनाशक काकाजींकडून मिळालं. कपाशीच्या मुलखात तेवढ्याला तोटा नाही.

भाजीच्या कप्प्यावर मात्र आईचं राज्य.

“मांस खाणारं झाड भाजीत ठेवतू?”

“झोपेत ते काही खात नाही, आई. तीन महिने कडकडीत उपास असतो त्याचा.”

“पानी?”

“ओलसर असतं, बस. पीत असं नाही.”

आई थोडा वेळ गप्प झाली. ती वर्षाच्या सगळ्या एकादश्या करते, पण त्या एकेक दिवसाच्या. सलग तीन महिने ऐकल्यावर त्या झाडाबद्दल तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा आदर दिसला. “कोपऱ्यात ठेव,” ती म्हणाली. “मेथीले लागू देऊ नोको.”

पोरीने पिशवीवर चिठ्ठी चिकटवली, ‘कुंभकर्ण. उठवू नये.’ खाणं मांसाहारी आणि झोप महिनोन्‌महिने, नाव चपखल होतं. फक्त आमच्या भागात रावणाला मानणारी गोंड मंडळी आहेत. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीने विचारलं, की नाव चिडवायला ठेवलं की मानाने? पोरगी म्हणाली मानाने. तेव्हापासून पिशवीवर ‘श्री’ आला.

झोपणारा एकटा आणि राखण करणारे चौघे, असे ते तीन महिने गेले. भाजीच्या कप्प्यात तापमापक ठेवला होता, तो बघायला मी दिवसातून सहा वेळा फ्रिज उघडायचो, त्यामुळे तापमान वाढायचं, ते वाढलं का हे बघायला पुन्हा उघडायचो. वीज गेली की सगळं घर दिवा शोधायचं आणि मी बर्फ. डिसेंबरच्या रात्री, बाहेर शेकोटीशी लोक हात शेकत असताना, मी शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून बर्फ मागितला आहे. एकाने बायकोला हाक मारून सांगितलं, “मास्तरले बरफ पायजे,” आणि मग आतून खूप वेळ कोणी काही बोललं नाही. त्यांचा काय समज झाला असेल याची मला कल्पना आहे. पैनगंगा जवळ आहे.

याच सुमारास गावात कृषी सहायकांची सभा झाली. विषय नेहमीचाच, गुलाबी बोंडअळी. मी मागे बसून ऐकत होतो, आणि एका शब्दाला कान टवकारले. ते म्हणाले, ‘सुप्तावस्था’.

त्यांनी सांगितलं ते असं. दिवस लहान झाले, गारवा आला, की गुलाबी बोंडअळी खाणं थांबवते. सरकीच्या दोन दाण्यांना जाळ्याने एकत्र शिवते, त्या जोडघरात स्वतःला गुंडाळून घेते आणि महिनोन्‌महिने पडून राहते. शेतात राहिलेल्या पऱ्हाटीत, न वेचलेल्या किडक्या बोंडात, जिनिंगच्या सरकीत. नवी कपाशी पात्यावर येईपर्यंत तिची झोप मोडत नाही. म्हणून डिसेंबरअखेर कापूस काढून टाका, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी बांधावर रचू नका, आणि कामगंध सापळ्यात ओळीने तीन रात्री आठ-आठ पतंग दिसले की समजा, ती उठली.

मी थक्क होऊन बसलो. म्हणजे ज्या झोपेसाठी मी बुरशीनाशक, शेवाळ, तापमापक आणि अब्रू खर्च करत होतो, ती झोप या तालुक्यात कोणी तरी बिनखर्चात, आमच्याच अकरा तासांच्या दिवसात आणि आमच्याच पाहुण्या थंडीत घेत होतं. तिला झरीचा हिवाळा पुरत होता. का नाही पुरणार? बाई इथल्याच. विज्ञानात तिची पहिली नोंद १८४३ ची, साँडर्स नावाच्या इंग्रजाने केलेली, आणि नमुने गेले होते भडोचहून. आता शेतात बहुतेक कपाशी अमेरिकन, बीटीचं तंत्र अमेरिकन, माझं झाड अमेरिकन. एक अळी तेवढी देशी निघाली, आणि नेमकी तिलाच व्यवस्थित झोप लागते.

सभा संपल्यावर मी काकाजींना म्हणालो, “तुम्ही तिला झोपू नका म्हणता, आणि मी माझ्याला झोप म्हणतो.”

काकाजी म्हणाले, “तुमचं पिशवीत हाये मास्तर. आमचं वावरात हाये.”

जानेवारीत एक प्रसंग गुदरला. सौभाग्यवती माहेरी गेल्या होत्या, स्वयंपाकाला त्यांची धाकटी बहीण आलेली. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद असतो, आणि कार्तिकी झाली की सगळं घर त्याच्यावर तुटून पडतं. झुणक्याची तयारी चालली होती. मी अंगणातून आत आलो तर पाट्यावर मिरच्या, मीठ, आणि त्यांच्या शेजारी शेवाळ झटकून ठेवलेला श्री कुंभकर्ण. सोललेल्या लसणात आणि त्याच्यात खरोखरच फरक नाही, मला दिला असता तर मीही फसलो असतो. “पाकळ्या सुटून नाही रायल्या जीजाजी, लसूण जून दिसते,” ती म्हणाली आणि वरवंटा उचलला. मी जे ओरडलो ते ऐकून काकाजी काठी घेऊन आले. त्यांना वाटलं साप निघाला.

झाड वाचलं. बाजूचा एक छोटा कोंब मात्र मोडला. तो झुणक्यात गेला का, हे मी विचारलं नाही, आणि आईला तर कळूच दिलं नाही. झुणका चांगला झाला होता.

महाशिवरात्रीच्या आसपास मी पिशवी उघडली. मधोमध, नखाएवढा, हिरवा कोंब. त्या दिवशी मी शाळेत जाताना शीळ घालत गेलो, असं विद्यार्थी सांगतात. होळीपर्यंत पाच जबडे उघडले, आणि पोरं वर्गातून रांगेने येऊन बघून गेली. मग गावात चर्चा सुरू झाली, की मास्तरचं झाड उपाशी आहे आणि माश्या अजून यायच्या आहेत.

काकाजी एका सकाळी मूठ बंद करून आले. त्यांची पऱ्हाटी उपटून झाली होती, बांधाच्या कडेला राहिलेलं एक किडकं बोंड त्यांनी फोडलं होतं. मूठ उघडली तर सरकीचे दोन दाणे एकमेकांना चिकटलेले. त्यांनी नखाने जोड उकलला. आत, बारीक पांढऱ्या जाळ्यात, गुलाबी अळी. हालचाल नाही.

“घ्या. सतरा जनांनं इचारलं होतं नं. पायजा आता.”

गल्लीतली दहा-बारा माणसं जमली. मी चिमट्याने अळी अलगद सर्वांत मोठ्या जबड्यात ठेवली. जबडा मिटेना, कारण अळी हलेना. मी झाडूच्या काडीने एक केस हलवला. मग दुसरा. खटकन जबडा मिटला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तरी भारतमातेचा जयजयकारही केला. साडेसहाशे रुपये, एक माठ, एक पोतं आणि नव्वद दिवसांचा बर्फ त्या क्षणी मला वसूल वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी चहाला आले. आम्ही दोघं कुंडीपाशी गेलो. जबडा उघडा होता. आत अळी, कालच्या तशीच, जाळ्यात गुंडाळलेली. रात्रभर तिने एकदाही कूस बदलली नव्हती. पुढचे धक्के बसलेच नाहीत. झाडाने तिला वाळका पाला समजून सोडून दिलं होतं.

काकाजींनी वाकून नीट पाहिलं. मग चिमट्याची वाट न बघता बोटांनी अळी उचलली, फरशीवर ठेवली, चपलेने चिरडली, आणि चप्पल पायरीला पुसली.

“बरं मास्तर,” चहाचा घोट घेत ते म्हणाले, “आता मे महिन्यात याले कुठी ठेवसान?”

मी ओसरीवर झाकून ठेवलेल्या कूलरकडे पाहिलं. आतून आईनेही पाहिलं.